बसच्या मागे ओतलेलं पाणी

अंकारा, ९ मार्च

प्रिय नाझमिये आब्ला,

आई-बाबांचे हात माझ्या वतीने कपाळाला लाव. बाबांचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. फोन तू उचलत नाहीस, ईदला घरी आलो तरी आपल्या बेकरीच्या भट्टीतून बाहेर येत नाहीस, म्हणून तुझ्या धाकट्या भावाचं हे पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

माझा पहिला कथासंग्रह तू गिऱ्हाइकांना सिमित, आपले तिळाचे गोल पाव, बांधून द्यायला घेतलास, असं शुकरान आत्याने सांगितलं. आपल्या चांकिरीत माझं पुस्तक घरोघर पोचलं ते तुझ्यामुळेच म्हणायचं. दुसऱ्या संग्रहाचा कागद जाड आहे, तेल शोषून घेईल.

इथे नवं नाटक बसतंय. चहा वेळेवर येतो आणि नटमंडळी माझ्यावर ओरडतात. माणसाला आणखी काय हवं? नाटकात एक बेकरी आहे. भाऊ घर सोडून लेखक व्हायला निघतो, आणि मोठी बहीण दारात येऊन त्याच्या बसमागे तांब्याभर पाणी ओतते. निघालेल्या माणसामागे आपल्याकडे म्हणतात तसं म्हणते: पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये.

तू ओतलं नव्हतंस. आईने ओतलं, तू दारातही आली नाहीस. ठाऊक असून मी लिहिलं.

बहिणीचं काम मुअल्लाबाई करतात. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. परवा तालमीत त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "ही का ओतेल पाणी? हा गेला की भट्टी हिच्या गळ्यात. वेदात, तू हिच्याकडून फुकटचा आशीर्वाद काढून घेतोयस."

मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, बघतो.

बघणार काय, कपाळ! आब्ला, तुझं नर्सिंग कॉलेजचं पत्र आलेलं मला माहीत होतं. तिळाच्या डब्यामागे ठेवलं होतंस. बाबा म्हणालेच होते, दोघांपैकी एकाने भट्टीवर राहायला हवं. मी ते पत्र वाचलं, होतं तसं परत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बस पकडली. थांबलो असतो तर तू आधी गेली असतीस आणि भट्टी माझ्या गळ्यात पडली असती. अकरा वर्षं एवढ्या गोष्टी लिहिल्या, ही मात्र नाही लिहिली. मला माफ कर. आज करू नकोस हवं तर, पण कर.

गुरुवारी आत्या डोळे दाखवायला इथे आली. दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून तिला हे सगळं सांगितलं, तर ती हसायलाच लागली.

"अरे शहाण्या, बस वळणाआड गेली तशी नाझमियेने बादलीभर पाणी ओतलं. तेवढ्यात तुझी आई आली, तर ही झाडू घेऊन पायरी घासायला बसली, जसं काही धुवायलाच आली होती. एवढा साबण ओतला की तुझे बाबा सिमितच्या पाटीसकट घसरता घसरता वाचले."

मीही हसलो. मग त्याच बाकावर मला रडू आलं, आणि आत्याने तिचा चष्मा पुसायचा रुमाल मला दिला.

आता नाटकात तोच प्रसंग लिहिलाय: रिकामा रस्ता, बादली, झाडू. मुअल्लाबाईंनी वाचला आणि लगेच बादली मागवली. पण तो प्रसंग तुझा आहे. विचारल्याशिवाय तुझं काही घ्यायचं नाही, एवढं तरी मी शिकलोय. तू नको म्हणालीस तर काढून टाकीन, मग नाटक पडलं तरी बेहत्तर.

२७ तारखेला पहिला प्रयोग. पाचव्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय. बसची तिकिटं सोबत आहेत, येण्याचं आणि जाण्याचं. आणि तू परत निघशील तेव्हा मी स्टँडवर तांब्या घेऊन उभा असेन. बस वळेपर्यंत थांबणार नाही, आब्ला. तुला खिडकीतून दिसेल असं, सगळ्यांच्या देखत ओतीन.

तुझ्या पाण्याने उशिरा का होईना परत वळलेला,
वेदात