आईकडून आलेले आणि माझ्याकडून जाणारे

मी, वैद्यकीय महाविद्यालयात विषाणू शिकवणारी, वय बावन्न, घटस्फोटित, निपुत्रिक आणि स्वभावाने फटकळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायची हिंमत असलेली एकच व्यक्ती होती, माझी आई, आणि ती जाऊन बरीच वर्षे झाली. येत्या गुरुवारी माझ्या यकृताचा एक तुकडा कापून काढणार आहेत. सर्जन म्हणाले, "मॅडम, काळजीचं काही कारण नाही." हे वाक्य ज्यांच्या ज्यांच्या बाबतीत मी ऐकले, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या शोकसभेत मी पुढच्या रांगेत होते. म्हणून हा कागद.

कलम १. आजाराचा खुलासा. वारसांनी भांडायला बसण्यापूर्वी हे वाचावे. यंदा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी हिपॅटायटिस बी तपासायची नवी किट मागवली. अशा तपासणीत एक नमुना निरोगी माणसाचा ठेवतात, म्हणजे किट खोटे बोलत नाही ना, ते कळते. बाटलीतला नमुना संपला होता. मी बाही वर केली. मी लस घेतलेली होती, तीही सगळे डोस, कर्मचाऱ्यांच्या रांगेत सर्वांत पुढे उभी राहून. लस टोचण्याआधी रक्त तपासावे, असे तेव्हा ना टोचणाऱ्याला सुचले, ना विषाणू शिकवणाऱ्या मला. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दोन म्हणजे विषाणू आहे.

मी किटवाल्याला बोलावून भर वर्गात झापले. त्याने दुसरा डबा फोडला. दोन रेघा. तिसरा फोडला. तेच.

"तुमच्या कंपनीला एक साधी पट्टी धड बनवता येत नाही?"

तो घाम पुसत म्हणाला, "मॅडम, रागावू नका. डबा बदलून झाला. आता एकदा माणूस बदलून बघू या का?"

आणि त्याने स्वतःचे बोट पुढे केले. एक रेघ. माझ्या कोणत्याही तासाला विद्यार्थी इतके शांत बसल्याचे मला आठवत नाही. पुढच्या सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली; गुरुवारी कापणार आहेत तो तुकडा तिचाच.

कलम २. हा विषाणू मला कुठून मिळाला, याबद्दल नातेवाइकांनी कल्पनाशक्ती ताणू नये. तो मला आईकडून, जन्माच्या वेळीच मिळाला. आईने मृत्युपत्र केले नाही, पण ही वाटणी तिच्या हातून न सांगता, न मागता झाली. अगदी छोटा विषाणू. त्याच्या डीएनएचे वेटोळे इतके आखूड, की तेवढ्यात आमच्या विभागप्रमुखांचे आभारप्रदर्शनाचे पहिले वाक्यही बसणार नाही. तो यकृताच्या पेशीत शिरतो, तिच्या केंद्रकात आपले वेटोळे पूर्ण करतो आणि तिथेच राहतो. यकृत तो स्वतः कुरतडत नाही. कुरतडते ती आपलीच फौज, त्याला हुसकावण्याच्या नादात. बाळाच्या शरीराला मात्र तो परका वाटतच नाही, कारण जन्मल्यापासून घरात असलेल्याला कोणी हटकत नाही. पुढे कधीतरी फौजेला जाग येते, आणि मग यकृताचे आमच्या एकत्र कुटुंबासारखे होते. मोडतोड सगळी आतल्यांनीच केलेली असते.

कलम ३. काकू, म्हणजे आमच्या वडिलांच्या भावाची बायको. आईच्या पोटात पाणी झाले तेव्हा हिने गावभर सांगितले, की वहिनी चोरून पितात, नाहीतर लिव्हर असे जाते का. आईने आयुष्यात खोकल्याचे औषधही नाक दाबून घेतले. माझ्या आजाराची बातमी कळल्यावर काकूने माझ्यासाठी कान तुटलेला एक वेगळा कप काढून ठेवला. हा विषाणू रक्तातून जातो, संबंधांतून जातो, आईकडून बाळाला जातो. कपातून जात नाही. कपातून फक्त काकूचा स्वभाव जातो. सदर कप मी तिच्या घरून उचलून आणला आहे. तो तिला परत मिळावा. देताना माझी आई दारू पीत नव्हती, हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवावे. तिला कमी ऐकू येते, म्हणून दोनदा.

कलम ४. माजी पती. त्याच्या वस्तू मी घटस्फोटाच्या वेळीच परत केल्या. एक राहिली आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याच्याकडून माझ्या ओठावर तापाचा फोड आला. तो विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून असतो आणि जरा दमले, चिडले, की ओठावर हजर होतो. त्या माणसाने दिलेल्यांपैकी एवढीच गोष्ट टिकाऊ निघाली. ती परत करण्याची सोय विज्ञानात नाही. बाकी त्याला काही नाही.

कलम ५. माझी बचत भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. तीतला पहिला खर्च गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा. हातावर चामखीळ उठवणाऱ्या विषाणूचेच काही भाऊबंद हा कर्करोग करतात. तिचा बाप म्हणतो, "एवढ्याशा पोरीला कशाला ते?" एवढ्याशा असतानाच द्यायची असते, म्हणून. भाचीने मला एकदा विचारले होते, "आत्या, तू जंतूंना नावं ठेवतेस, तशी माणसांना पण ठेवतेस. तुला आवडतं कोण?" उत्तर या कलमात आहे.

कलम ६. माझे शरीर. गेल्या वर्षी कमरेवर नागीण उठली. लहानपणी धाकट्याला आणि मला एकाच आठवड्यात कांजिण्या झाल्या होत्या. तोच विषाणू इतकी वर्षे पाठीच्या कण्याशी झोपून होता. शेजारीण रोज येऊन कंबर तपासायची, की नागिणीचे तोंड शेपटीला भिडले तर माणूस जातो. ती एका बाजूच्या मज्जातंतूवरच चालते, पलीकडे जात नाही, हे मी तिला सांगितले. शेजारीण थोडी हिरमुसली. शवविच्छेदनाला माझी हरकत नाही. विद्यार्थ्यांनी दंडावरची देवीच्या लशीची खूण मात्र नीट पाहावी. माणसाला होणाऱ्या रोगांपैकी कायमचा घराबाहेर काढलेला देवी हा एकच, आणि तोही सगळ्यांनी एकदम हात पुढे केले म्हणून. आमच्या कुटुंबाने एकदम कधी जेवणही केलेले नाही.

कलम ७. स्थावर मालमत्ता आणि धाकटा. धाकटा व्यायामशाळा चालवतो. लहानपणापासून त्याची एकच तक्रार आहे, की आईने सगळे ताईला दिले. बांगड्या ताईला. शिलाई मशीन ताईला. नाक ताईला, डोके ताईला. आईची शिलाई मशीन आता त्याला मिळावी. तो शिवत नाही, पण एवढी वर्षे मागतो आहे.

फ्लॅटचे मात्र वेगळे आहे. माझा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी त्याला म्हटले, की तुझेही रक्त तपास, आपण एकाच आईची मुले.

"मला काही झालेलं नाही, ताई. बघ की जरा माझ्याकडे."

"आईलाही काही झालेलं नव्हतं. शेवटच्या वर्षापर्यंत."

"अगं, लोक माझ्याकडे बघून फी भरतात. मी लॅबच्या रांगेत दिसलो, तर उद्या शटर खाली."

"मी घरी येऊन रक्त घेते. पडदे लावून."

"तू सुई घेऊन आलीस तर मी दारच उघडणार नाही."

हा वाद आमच्यात तेव्हापासून चालू आहे. गोळी रोज घेतली तर हा विषाणू दबून राहतो, पण तो आहे हे आधी कळावे लागते. मला गाठ झाल्यावर कळले. त्याला तसे कळू नये, एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती त्याला गोडीत सांगण्याचे सगळे प्रकार करून झाले आहेत. म्हणून: माझा फ्लॅट धाकट्याला मिळेल, पण गुरुवारच्या आत त्याने रक्ताचा रिपोर्ट दाखवला तरच. न दाखवल्यास फ्लॅट काकूला.

पुरवणी. धाकटा भेटायला आला तेव्हा वरील मजकूर जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवून मी चहा करायला गेले. इतका वेळ लागणारा चहा मी एरवी करत नाही. बाहेर आले तर धाकटा शेवटचे पान हातात धरून उभा.

"काकूला? ताई, काकूला फ्लॅट?"

"कायदेशीर आहे. वकिलाला विचारलंय."

"ती आईबद्दल काय बोलली विसरलीस?"

"मी नाही विसरले. तू रक्त दे."

त्याने खुर्ची ओढली, बाही वर केली आणि मान भिंतीकडे फिरवली. एवढे दंड, आणि सुई बघवत नाही. किटवाला साक्षीची सही करायला आलाच होता, बॅगेत डबाही होता. रक्त मी काढले, थेंब किटवाल्याने पट्टीवर टाकला. एक रेघ. मला पटेना. मी दुसरा डबा फोडायला लावला. किटवाल्याने या वेळी माणूस बदलून बघू या असे म्हटले नाही, यासाठी मी त्याची ऋणी आहे. पुन्हा एकच रेघ. सविस्तर तपासणीसाठी रक्त लॅबमध्ये पाठवले. काल उत्तर आले: विषाणू नाही, पूर्वी कधी येऊन गेल्याची खूणही नाही. लशीचा पहिला डोस मी त्याला कालच टोचला.

"पण मग तुला कसा काय?" त्याने विचारले.

मी सांगितले, की माझ्या वेळी आईच्या रक्तात त्याचा जोर खूप असणार. धाकटा जन्मला तोवर तो जोर ओसरला असणार. थोरल्याला मिळते आणि धाकट्यापर्यंत पोचत नाही, असे होते कधी कधी.

दंड चोळत तो म्हणाला, "म्हणजे आईनं हेही तुलाच दिलं."

हे वाक्य तो जन्मभर भांडायला म्हणत आला. काल भांडायला म्हटले नाही. गुरुवारी दवाखान्यात बॅग तो उचलणार आहे, आणि दारात थांबणार नाही, आत येणार आहे, असे त्याने मला न विचारता ठरवले आहे.

सबब कलम ७ मधील अट रद्द. फ्लॅट धाकट्याला, विनाअट. काकूला कप. आणि आईने आम्हा दोघांत केलेली वाटणी, जशी झाली तशी, मला पूर्णपणे मान्य आहे.

लिहून देणार: सही (ओठावर फोड आहे, हात स्थिर आहे)

साक्षीदार पहिला: किटवाला. सही.
साक्षीदार दुसरा: माजी पती. या मृत्युपत्रात काहीही मिळत नसल्याने साक्षीस सर्वस्वी पात्र. कलम ४ वाचून हसला, मग सही केली.

ठिकाण: जेवणाचे टेबल, सदर फ्लॅट.
दिनांक: गुरुवारचा आदला दिवस.