परवान्यावरची दोन नावं

प्रिय सेमीकोलन,

माझ्या कोडमधल्या चुका शोधून शोधून पडलेलं तुझं हे नाव अजून चालतं ना? की आता सगळे मॅडम म्हणतात? मेसेज केला असता, पण तू ब्लॉक केलंयस. घरी आलो तर दार तुझी आई उघडणार. म्हणून पत्र.

मी सध्या मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात असतो. मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांआड, त्याचा टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. त्यावर लिनक्स टाकलं, वेब सर्व्हर बसवला आणि आपण कॉलेजात लिहिलेला रांगेचा प्रोग्रॅम, ‘नंबर कितवा’, चढवला. माझ्या स्क्रीनवर पान झकास दिसायचं, बाहेरून कुणालाच नाही. सेटिंगच्या फायली उलट्यापालट्या केल्या, कीबोर्ड आपटला, मामाला उगाच बोललो. शेवटी कळलं, फायरवॉलमध्ये बाहेरच्यांसाठी वाटच उघडली नव्हती. मामा म्हणाला, “आतून कडी लावायची आणि पाहुणे येत नाहीत म्हणून कोकलायचं होय रे?” मी हसलो नाही. तू हसली असतीस.

आता डोळ्यांच्या दवाखान्यातले पेशंट घरी बसून आपला नंबर बघतात. तिथल्या कंपाउंडरबाई म्हणतात, रांगेतली भांडणं गेली, आता दिवस जात नाही. आणि इंटरनेटवर ‘घुबड’ नावाचा कुणी अनोळखी माणूस आहे, त्याने आपला कोड बघून नंबर बोलून दाखवायची सोय लिहून पाठवली. फुकट! का रे बाबा, विचारलं. तर म्हणे, माझ्या वडिलांना दिसत नाही, मला हवं होतं, केलं. आता तुम्हीही वापरा. मला हे पटतं आणि पटतही नाही. मग मी कशासाठी केलं होतं? लॅबच्या सरांनी आपलं हे प्रोजेक्ट कॉलेजच्या मालकीचं म्हटल्यावर आयकार्ड त्यांच्या टेबलावर फेकून निघालो, ते सगळ्यांसाठी खुलं राहावं म्हणून, की तू बघत होतीस म्हणून? खरंच कळत नाही. वाटलं होतं, मागोमाग येशील. तू परीक्षेला बसलीस.

त्या रागात एकदा कोडच्या परवान्याच्या फायलीतून तुझं नाव उडवलं. घुबडाने लगेच झापलं. कोड कुणीही घ्या, बदला, पण पुढेही खुलाच ठेवा आणि लिहिणाऱ्याचं नाव काढू नका, परवान्यातच आहे म्हणे. मुकाट्याने परत घातलं. बरंही वाटलं. ते का, तेही कळलं नाही.

आता खरं काम. एका कंपनीला हा प्रोग्रॅम कुलूपबंद करून दवाखान्यांना विकायचाय. मला नोकरी देतायत, पदवी विचारत नाहीत. आई कितीतरी दिवसांनी माझ्याशी धड बोलली. पण परवाना बदलायला लिहिणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. घुबडाचा भाग ते काढून टाकतील. तुझा काढता येत नाही, रांगेचं सगळं गणित तुझंच आहे. त्यांचा कागद सोबत जोडलाय. मी सही केलेली नाही. तू केलीस तर मला नोकरी लागेल आणि आपल्या दोघांचं म्हणून काही उरणार नाही. नाही केलीस तर ते कोडसाठी की माझ्यासाठी, यावर मी डोकं फोडत बसेन. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर कारण लिही, एका ओळीत का होईना. हो म्हणायचं असेल तर नुसती सही कर. त्याचं कारण वाचणं मला जमणार नाही.

अजून तरी तुझाच,
भडकू