घरच्या शाळेतला मार

शुक्रवार, २ ऑगस्ट १९९६
सातारा

आज मी रूथला मारलं. लाकडी पट्टीने, तीन वेळा. तिसऱ्यांदा पट्टीची कड कानाला लागली आणि रक्त आलं.

नऊ वर्षांची पोर. शाळेत सरांनी छडीने पाठ सुजवली, म्हणून जूनमध्ये मीच तिचं नाव काढलं. घरी शिकवीन, प्रभूच्या प्रेमात वाढवीन, असं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं. आज सकाळी बायबलच्या तासाला क्षमेवरच बोलले, आणि दुपारी भागाकार चौथ्यांदा चुकला म्हणून पट्टी उचलली. हात थांबत नव्हता. खरं लिहायचं तर, थांबवावासा वाटत नव्हता. ही मी कोण?

तिची किंकाळी ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. "आवं, रगत आलंय की पोरीच्या कानातनं! सोडा तिला!" म्हणत त्यांनी पट्टी हिसकावून घेतली.

नंतर कानाला हळद लावताना मी माफी मागितली. रूथ रडली नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, मला परत शाळेत घाल. तिथं मार बसला की मी घरी तरी यायचे."