सात हात लॅकर आणि एक खड्डा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण सरळ उभं राहणं सध्या जमत नाही.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? मुलांचे खोकले थांबले का? इकडे सगळे खुशाल. बाबा मजेत आहेत. पत्रास कारण म्हणशील तर विशेष काही नाही, सहज लिहायला बसलो.

महिनाभर बाबा आत्याकडे राहायला गेले होते आणि मी ती संधी साधून नसती उठाठेव केली. आपलं पिनबॉलचं मशीन दुरुस्त केलं. खेळांचा हॉल बंद झाला तेव्हा तिथला मेकॅनिक म्हणून बाबांनी निरोपाची भेट काय मागावी, तर हे धूड! तेव्हापासून रोज चहा झाला की पाच चेंडू खेळल्याशिवाय त्यांचा दिवस पुढे सरकत नाही. पण काचेखालच्या लाकडी तक्त्याचे पोपडे उडाले होते, सर्कशीचं चित्र पार झिजलं होतं. म्हटलं, म्हातारपणी बाबांना नव्यासारखं करून देऊ. हौस, दुसरं काय.

काच, दिवे, रबरी कडी, स्प्रिंगा आणि दोनशे अकरा स्क्रू काढून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांत नीट वर्गवारीने ठेवले. (तुझी भावजय चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती. पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा आधीचे चार दिवस बरे होते असं वाटलं.) मग कापसाचे बोळे घेऊन चाळीस वर्षांचा काळा थर पुसला. ताई, आपण जन्मभर ज्याला अस्वल समजत आलो तो सिंह आहे. त्याचा उडालेला रंग भरायला नंबरप्लेटा रंगवणारा पेंटर बोलावला. माणूस हाताचा स्वच्छ, पण त्याने आजवर जिवंत असं काही रंगवलं नव्हतं. सिंहाचे दोन्ही डोळे आता शून्यासारखे सुबक आहेत. खाली चेंडू उडवणारे दोन दांडे असतात ना, त्यातल्या डाव्या दांड्याच्या जरा वर हरभऱ्याएवढा एक खड्डा होता. त्यात मी लांबी भरली, घासून सपाट केली आणि वर लॅकरचे सात हात मारले. प्रत्येक हात वाळवायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा मारायचा. (चौथ्या हातात एक डास कायमचा मुक्कामाला आहे.) शेवटी पुन्हा ओरखडा म्हणून उठू नये यासाठी पारदर्शक शीट चिकटवली. माझ्या लग्नातसुद्धा मी इतका दमलो नव्हतो.

बाबा आले. पाहिलं. "छान, नवंकोरं झालं," म्हणाले. खेळले. पाचही चेंडू मधोमध घरंगळत थेट खालच्या भोकात गेले. बाबांनी काच उचलायला लावली, अंगठ्याने ती जागा चाचपली आणि विचारलं, "इथला खड्डा बुजवलास?" मी मूर्खासारखा हसत हो म्हणालो. त्यांनी मशीनवर चादर घातली. त्याला आज बारा दिवस झाले.

सगळ्यांना यथायोग्य सांगावे.

तुझा,
धाकटा

ता. क. तो खड्डा तुझा होता हे मला आत्ता आत्याच्या फोनवरून कळलं. तू नऊ वर्षांची, बाबांना पाना द्यायला उभी होतीस आणि तो तुझ्या हातून सुटला. तू रडून जेवेनास, तेव्हा बाबा म्हणाले होते की या मशीनला खड्डा हवाच होता, आणि ते खरं करण्यासाठी ते तसं खेळायला शिकले. मधून येणारा चेंडू त्या खड्ड्यात अडखळून डाव्या दांड्याकडे वळायचा आणि बाबा म्हणायचे, "ताईने वाचवला." लोक देवाचं नाव घेतात तशी ही त्यांची सवय, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मला फार वाईट वाटतंय गं.

ता. क. २. हात दाखवून अवलक्षण याचा पुढचा भाग: शीट फाडून मी स्वतः पाना टाकून पाहिला. तीनदा. बाबांनी तिन्ही खड्डे अंगठ्याने तपासले, "हे तुझे आहेत," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. चहानंतर तिथे बसून ते समोरच्या इमारतीचे गज मोजतात. वर 'बाबा मजेत आहेत' लिहिलंय ते खोडून वाच.

ता. क. ३. तेव्हा ताई, तू ये. तीन वर्षांत आली नाहीस, तुझ्या रजेची अडचण मला माहीत आहे, पण दोन दिवस ये आणि एकदा पाना टाक. तेव्हाची तुझी उंची लक्षात घेता गुडघ्यावर बसून टाकावा लागेल. पाना पुसून ठेवला आहे.

ता. क. ४. पत्राचं मी बाबांना सांगितलेलं नाही. पण आत्ता माझ्या मागून जाता जाता ते थांबले, टेबलावरचा पाना उचलून पाहिला आणि म्हणाले, "हा चौदा नंबरचा आहे. तिच्या हातून सुटला तो दहाचा होता. लिही तिला, मी शोधून ठेवतो म्हणावं."