यादीतली पाचवी खोली

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू हो हो म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहिते. काल तुझा दलाल शेत बघायला एका बाईला घेऊन आला. रोपवाटिका आहे म्हणे तिची. पन्नाशीच्या आतबाहेर असेल, बोलायला गोड. आणि फार गोड माणसाशी माझं जमत नाही, हे तुला माहीत आहे.

शेत घेणारं माणूस आधी माती हातात घेतं, पाणी चाखतं, बांध कुठवर आहे ते विचारतं. या रोपवालीने यातलं काही केलं नाही. घरसुद्धा उंबऱ्यातूनच बघितलं. तडक गोठ्यामागे गेली आणि तिथल्या मोकळ्या जागेत हात बांधून उभी राहिली. तिथे आहे काय, तर चार दगड आणि गवत. मग विहिरीत उतरली. चौथी पायरी हलते हे मी ओरडून सांगणार, तोच बाईने ती न बघता ओलांडली. दलाल मात्र त्याच पायरीवरून घसरला, तेवढं जरा बरं वाटलं.

जाताना म्हणाली, शेत घेतलं तरी उगवतीकडची खोली तुमचीच, हयात असेपर्यंत राहा. आता मला सांग, फुकटचं कोण कुणाला देतं? कुठेतरी पाणी मुरतंय.

घरात सगळ्यांना आशीर्वाद. तुझी माझ्यावर माया आहेच, ती दोन ओळींत तरी कळव.

तुझी,
आक्का


९ जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानात पोचलं. समोर कुणाचंतरी भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलं होतं, ते तसंच सोडून वाचलं आणि हसू आवरेना. पहिल्या गिऱ्हाइकाला तू विहीर आटते म्हणालीस. दुसऱ्याला म्हणालीस, माळ्यावर साप आहे. आता ही बिचारी पायरीवरून पडली नाही म्हणून तिच्यावर संशय. आपलं शेत विकणं म्हणजे नकटीचं लग्न झालंय, आणि सतराशे विघ्नं तूच पुरवतेस.

थट्टा बाजूला ठेवतो. मागे गोठ्यात पाय मुरगळून पडलीस आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होतीस, हे मला त्या दूधवाल्याकडून कळलं. तेव्हापासून तुझा फोन लागला नाही की मी त्या दूधवाल्याला फोन करतो. तू माझ्याजवळ राहायला यावंस, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

बाईने विक्रीच्या कागदाचा मसुदा दलालाकडून पाठवलाय, तो न उघडताच सोबत जोडतो. कागदावर आपण दोघंही मालक. तुझ्या सहीवाचून काही हलणार नाही. तेव्हा वाच, आणि भांडायला जागा सापडली नाही तर सही कर.

रागावलीस तरी आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा


१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भांडायला जागा सापडली. चष्मा पुसून दोनदा वाचलं. घर, विहीर, जमीन ठीक आहे. त्याखाली बाहेरच्या खोल्या लिहिल्या आहेत पाच: गोठा, पंपाची खोली, अवजारांची, धान्याची आणि चाऱ्याची. मी बाहेर जाऊन मोजून आले. चारच आहेत.

गोठ्यामागची चाऱ्याची खोली जळून बेचाळीस वर्षं झाली. जुन्या-नव्या कुठल्याही कागदात ती नाही. दलालाला विचारलं तर म्हणाला, यादी बाईंनीच दिली. मग बाईला कुणी सांगितलं? मी नाही. आईवडील गेले. उरलास तू. उद्या सही झाल्यावर पाच लिहून चारच दिल्या म्हणून ही आपला गळा धरेल, आणि त्यात तुझाही हात असेल तर कुंपणच शेत खातंय म्हणायचं. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण मनात आलं ते लिहिलं.

तुला तो दिवस आठवत असेल. भर दुपारी पेटली. वासरू आत राहिलं. गडी तिथे विडी ओढत बसायचा म्हणून वडिलांनी त्याच्यावर आळ घेतला, आणि दुसऱ्या सकाळी तो बायकोला आणि सहा वर्षांच्या पोरीला घेऊन निघून गेला. ती पोर माझ्या मागे मागे असायची.

तू या बाईला काय काय सांगितलंस ते कळव. तोवर सही नाही.

रागातही तुझीच,
आक्का


१९ जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझंच बरोबर होतं. या बाईचा नाद सोडू. दलालाला मी नाही म्हणून कळवतो. दोन-चार महिने थांबलो तर बिघडत नाही, दुसरं गिऱ्हाईक मिळेल. ती पुन्हा आली तर आत घेऊ नकोस. जुनं काही विचारलं तर आठवत नाही म्हण. मेलेली मढी उकरून कुणाचं भलं झालंय?

दुकानात कामं फार आहेत, इथेच थांबतो.

तुझा,
धाकटा


२५ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परवापर्यंत तुला कोण घाई, आणि आता दोन-चार महिने थांबायला तयार. इतकी वर्षं तुला ओळखते. तू माझं लगेच ऐकलंस की काहीतरी लपवलेलं असतं. म्हणून जिला आत घेऊ नकोस म्हणालास, तिला मी निरोप पाठवून बोलावलं आणि चहा दिला.

ती गड्याची पोर आहे. चौथी पायरी ओलांडायला मीच तिला शिकवलं होतं, आणि मीच तिला ओळखलं नाही. गडी अजून आहे, पंच्याऐंशी वर्षांचा. कानाने जरा कमी ऐकतो. यादी त्यानेच सांगितली. जनावरं होती म्हणजे चाऱ्याची खोली पुन्हा बांधलीच असणार, असं तो धरून चाललाय.

पोर म्हणाली, त्या दिवसापासून बाबांनी विडीला हात लावला नाही. आपलीच विडी तिथे राहिली का, हे त्याला आजवर कळलेलं नाही. अजून जेवताना मधेच थांबतो आणि म्हणतो, मी विझवली होती. मग म्हणतो, विझवली होती ना? ती माझ्या अंगावर आली नाही, दोष दिला नाही. तुम्हाला काही माहीत आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले.

ती गेल्यावर मला त्या दुपारची तुझी भुवई आठवली. डावी, अर्धी जळालेली. चुलीवर वाकलो होतो म्हणालास, आणि वडिलांच्या नजरेला पडू नये म्हणून मी कात्रीने दोन्ही सारख्या करून दिल्या. धाकट्या, मला तेव्हाच कळलं होतं. कळून घ्यायचं नव्हतं. तुझ्याइतकीच मीही दोषी आहे, आणि मला माझी लाज वाटते.

गड्याचा पत्ता मागे लिहिलाय. तू तिथे जाऊन येईपर्यंत मी कुणालाच शेत विकू देणार नाही, आणि तुझ्या घरी राहायलाही येणार नाही.

आक्का


२ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो.

रोपवाटिकेच्या मागच्या खोलीत, खिडकीशी खाटेवर बसला होता. अंगाने अर्धा उरलाय. लेकीने मी कोण ते सांगितलं. त्याने बसायची खूण केली. मी हळू आवाजात सांगितलं. त्याने कानामागे हात धरला. मी मोठ्याने सांगितलं. हात तसाच. बाहेर रोपांना पाणी घालणाऱ्या बायका नळ बंद करून दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडलो, की विडी माझी होती, वडिलांच्या डबीतून चोरलेली. पावलं वाजली म्हणून चाऱ्यात टाकली, विझवायला वाकलो तोवर भडका उडाला. वासरू माझ्यामुळे गेलं. तुझा काही दोष नव्हता. आक्का, मी एकोणसाठ वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर रडलो.

तेव्हा त्याने हात खाली घेतला. म्हणाला, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण पोरीला नीट ऐकू जायला हवं होतं.

माफ केलं असं म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. निघताना त्याने विचारलं, ती खोली पुन्हा बांधली ना. मी नाही म्हणालो. त्याने लेकीला मसुदा आणायला लावला आणि म्हणाला, मग चारच लिहा, कागदावर खोटं नको.

दुरुस्त केलेला कागद सोबत आहे. माझी सही केली आहे. उगवतीकडच्या खोलीत राहायचं की माझ्याकडे यायचं, ते तू ठरव. आशीर्वाद मागायला धीर होत नाही, उरला असेल तर पाठव.

तुझा,
धाकटा