डोळ्यातली ओल

१४ नोव्हें. २०१६
जिल्ह्याचे चार तुकडे केले, आमचं गाव नव्या मंडलात टाकलं, म्हणून धुऱ्याबांधांची मोजणी पुन्हा. सर्वेअर सकाळी सातलाच हजर. शेजारचा गंगाराम म्हणतो, त्याची हद्द माझ्या कपाशीत चार ओळी आत. खरी खूण मला एकट्याला ठाऊक. विहिरीपाशी उभं राहायचं. दुभंगलेला मोह आणि मारुतीचा कळस एका रेषेत आले की तोच धुरा. मोहाची झाडं तीन. सकाळी मला तिन्ही दुधात बुडवल्यासारखी. म्हटलं, दुपारी या.
सर्वेअर मला आजोबा म्हणतो, "ताता, जल्दी दिखाओ."
"म्हातारा दुपारचा डोळस हाय, सायेब!" गंगाराम. सगळे हसले.
रागानं एका मोहाकडे बोट केलं. त्यांनी खुंटी ठोकली. "संतकं पेट्टू," सर्वेअर तेलुगूत. केली सही.
दुपारी दिसायला लागलं. बोट भलत्याच मोहाकडे गेलेलं. चार ओळी माझ्याच बोटानं गेल्या.

१६ नोव्हें.
पोरगा दिगांबर म्हणतो, "बाबा, तुमी सोंग करून राह्यले. सकाळी दाराला धडकता अन् दुपारी पेपर वाचता." पोटचा पोरगा! जेवलो नाही.

२१ नोव्हें.
आदिलाबादला डोळ्यांची डॉक्टरीण. मोतीबिंदू नाही. बुबुळावरच्या काचेत पाणी मुरतं. ते उपसणारा थर थकला. झोपेत डोळा मिटलेला, ओल साचते. उघडा राहिला की हवेनं सुकते. दिगांबर खाली मान घालून ऐकत होता. ऐक म्हणावं.
मी भांडलो. "बाई, पांढरं धोतर ओलं झालं की आरपार दिसते. डोळा काऊन उलटा?"
ती हसली नाही. म्हणाली, काचेत बारीक धागे असतात, सारख्या अंतरावर. पाणी शिरलं की अंतर बिघडतं, उजेड भरकटतो.
म्हणजे आमची चौफुलीची कपाशी. दोरी धरून उभ्या-आडव्या ओळीत लावलेली, कुठूनही बघा, आरपार. ओळी ढळल्या की नुसतं रान. जन्मभर ओळी सरळ लावल्या, आणि डोळ्यातल्याच...
मिठाचे थेंब दिले. चरचरतात. मार्केटात नमी, ओल जास्त म्हणून कापूस परत करतात. आता मीच परत.

२९ नोव्हें.
अर्ज केला होता, डॉक्टरणीची चिठ्ठी जोडून. दुपारची वेळ मागितली. फेरमोजणी मंजूर, १२ डिसें., सकाळी सात. चिठ्ठी वाचलीच नाही हरामखोरांनी.

८ डिसें.
सून सविता तिचं केस वाळवायचं यंत्र घेऊन बसते. डॉक्टरणीनंच सांगितलेलं, हातभर लांब धरायचं. "मामाजी, डोळे मिटू नका." गंगाराम कुंपणावरून, "काऊन आबा, लग्नाले चालले का?" डोळे उघडेच ठेवले. साडेनऊला कळस दिसला. सातला दिसायला हवा.

१२ डिसें.
पाचला उठलो. थेंब, यंत्र, पुन्हा थेंब. सातला सविताला घेऊन विहिरीपाशी. सगळं पांढरं. मोह नाही, कळस नाही.
"सविता, माह्याच डोळा का?"
"नाई मामाजी, धुकं हाय. मलेबी काई दिसत नाई."
सर्वेअर जीपमधून उतरलासुद्धा नाही. "धुंध है. दोपहर को देखेंगे."
आभाळात ओल आली तर सरकार दुपारपर्यंत थांबतं. माझ्या डोळ्यात आली तर सही घेऊन जातं. हे सांगायला पुढं झालो, तोवर जीप निघून गेली.
धुऱ्यावर बसून लिहितो आहे. गंगाराम समोर बसलेला. बारा वाजले. अक्षर स्वच्छ दिसतं. तिन्ही मोह दिसतात, दुभंगलेला मधला.
जीपचा पत्ता नाही.