तिसरा रकाना

३ तारीख
सत्तराव्या वर्षी नोकरी लागली! शास्त्रपाठात आयुष्य गेलेल्या माणसाला रुग्णालयसमूहाच्या संशोधन विभागाने बोलावले, ते जुन्या डॉक्टरांची अक्षरे लावता येतात म्हणून. पत्नी म्हणाली, म्हातारपणी हे कसले डोहाळे. पण डबा तिनेच भरून दिला. येथे बारा दवाखान्यांच्या नोंदी एकत्र होतात. कोणते औषध प्रत्यक्ष आयुष्यात किती गुणकारी ठरले, ते त्यांतून शोधतात. नावे गाळून केवळ क्रमांक ठेवतात. नामरूप गळाल्यावर काय उरते, याचे चिंतन जन्मभर केले. उत्तर संगणकात मिळावे, ही गंमतच.

५ तारीख
एकाच व्यक्तीच्या विखुरलेल्या नोंदी जोडणे, हे माझे काम. तीन रकाने जुळलेच पाहिजेत: जन्मतारीख, रक्तगट, जन्मखूण. ओळखीचे कोणी आढळल्यास फाइल प्रमुखबाईंकडे सोपवायची. आज एक फाइल उघडताच हसू आले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया, सल्फाचे वावडे, भुलीतून उठताच डॉक्टरांना भरलेला दम: ही तर आमचीच! खाली एक बेवारस फाइल होती. तीच जन्मतारीख, तोच रक्तगट. तिच्या लग्नाआधीची असणार. तिसरा रकाना रिकामा होता. पतीहून अधिक कोण जाणणार? ‘जुळते’ असे मीच लिहिले.

९ तारीख
तिचे डावे मनगट दुखते. क्ष-किरणचित्रात जुना, सांधलेला अस्थिभंग दिसला. ती तर कधी पडलेली नाही. ती दुसरी फाइल आज नीट वाचली. डाव्या मनगटाचा अस्थिभंग. तीन बाळंतपणे. आम्हांला मूलबाळ नाही. फाइल परस्त्रीची आहे.

१२ तारीख
जेवताना तिने पाच ताटे वाढली. मला दटावले, की मुले आल्याखेरीज घास घ्यायचा नाही. आम्ही वाट पाहत बसलो.

१५ तारीख
त्या फाइलचे शेवटचे पान वाचले. मृत्यू, याच महिन्याची अठरा तारीख, सकाळी दहा चाळीस. मूळ कागदावर वर्ष बावीस वर्षांपूर्वीचे, संगणकात मात्र चालू. प्रमुखबाईंनी समजावले, काका, मेलेल्या बाईच्या तपासण्या पुढे कशा होतील? म्हणून संगणकाने वर्ष सरकवले. जोड तोडा म्हणून हात जोडले. पण नोंदींचा संच, आता बदल करता येणार नाही असा गोठवून, संशोधकांना दिला आहे. एका नोंदीने लाखोंच्या निष्कर्षात काय फरक पडणार, असे त्या म्हणाल्या. मायेनेच म्हणाल्या.

१७ तारीख
जपात मन ठरत नाही. डॉक्टरांनी तिला तपासले, प्रकृती ठणठणीत म्हणाले. मग पडद्यावर फाइल पाहिली— आणि मला विचारले, बरोबरच्या या बाई कोण—

१८ तारीख
दहा वीस. खिडकीशी बसली आहे. मला ‘अहो’ म्हणाली नाही. आपण कोणाकडचे, असे आदराने विचारले.

दहा बत्तीस. मुले शाळेतून निघाली का, म्हणते. हो म्हटले. आयुष्यातले दुसरे असत्य. पहिले त्या तिसऱ्या रकान्यात—

दहा अडतीस. तिचे मनगट माझ्या हाती आहे. नाडी लागते आहे. लागते— अजून लाग